उन्हाळ्याआधी घोड्याची तयारी

होळी सरली की दारव्ह्याकडे ऊन चढू लागतं आणि घोडा पाळणाऱ्या घराचं काम वाढतं. हिवाळी केस याच सुमारास झडतात, म्हणून रोज खरारा हवाच. मात्र सगळ्यात जास्त लक्ष खुरांना द्यावं. खूर महिन्याला जेमतेम १ सेंटीमीटर वाढतो. दर ६ ते ८ आठवड्यांनी तो तासून नाल नव्याने ठोकावी लागते. खोगिराखालची पाठ हाताने चाचपावी, बारीकशी जखम दिसली तरी स्वारी बंद. धनुर्वाताची लस चुकवू नये. कडक उन्हात कष्टाच्या घोड्याला दिवसाला ४० लिटरहून अधिक पाणी लागू शकतं, सोबत मीठही. स्वारी सकाळीच उरकावी. घोड्यावरच पोट असेल तर ही काळजी आणखी मोलाची; मोटारींना बंदी असलेल्या माथेरानमध्ये घोडेवाल्या कुटुंबांचा भर याच उन्हाळी हंगामावर असतो.