पाहिलं, म्हणून ठाऊक

इंग्रजी करारनाम्यात एखादी यादी सुरू होण्याआधी कधी कधी 'टु विट' असे दोन छोटे शब्द भेटतात. अर्थ 'म्हणजेच', 'अर्थात'. आपण ते वाचतो आणि पुढे जातो. पण तिथे जरा थांबावं. पडक्या वाड्याची एखादी चौकट तेवढी उभी राहावी, तसे हे दोन शब्द एका फार जुन्या क्रियापदाचे उरलेले अवशेष आहेत.

'विट' म्हणजे ठाऊक असणं. 'आय वॉट' म्हणजे मला ठाऊक आहे, 'आय विस्ट' म्हणजे मला ठाऊक होतं. 'गॉड वॉट' म्हणजे आपलं 'देव जाणे'. अँग्लो-सॅक्सन राजांचे सल्लागार 'विटन' म्हणवले जात, म्हणजे जाणते. पुढे 'नो' या क्रियापदाने सगळी जागा व्यापली आणि 'विट' मागे पडलं. त्याचं गोत मात्र आजही नांदतं आहे: वाइज, विझडम, विटनेस, नकळत या अर्थाचा अनविटिंगली.

आता खरी नवलाची गोष्ट. इंग्रजीत वर्तमानकाळात 'ही' आला की बहुतेक क्रियापदांच्या शेवटी 'स' किंवा 'ज' लागतो. 'ही सिट्स', 'ही गोज'. जुन्या काळी त्या जागी दुसरा प्रत्यय होता, पण काही ना काही लागायचंच. 'वॉट'ला मात्र काहीच लागत नसे. मी असो वा तो, रूप एकच. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत 'मी जाणतो' आणि 'तो जाणतो' या दोन्हींसाठी 'वाट' हेच रूप होतं. 'आम्ही जाणतो' म्हणताना मात्र आतला स्वर आखडायचा आणि 'विटॉन' व्हायचं.

आता संस्कृत आठवा. अहं वेद, स वेद. मी आणि तो, दोघांना एकच रूप. आणि 'आम्ही'? वयं विद्म. इथेही स्वर तसाच आखडला! 'द'च्या जागी 'ट' आला तो नियमानेच: दश आणि टेन, द्वि आणि टू, दन्त आणि टूथ. परीकथा गोळा करणाऱ्या ग्रिम बंधूंपैकी याकोब ग्रिमने हा नियम १८२२ साली मांडला. म्हणजे 'गॉड वॉट'मधला 'वॉट' आणि आपला 'वेद' हे एकाच घरातले सख्खे भाऊ. ग्रीकमध्ये त्यांचा तिसरा भाऊ आहे, 'ओइदा'.

या भावंडांची एक खूण सारखी आहे. रूप भूतकाळाचं, अर्थ वर्तमानाचा. संस्कृतात चकार, जगाम, ददर्श या भूतकाळी रूपांत पहिलं अक्षर दुप्पट होतं. 'वेद'ला प्रत्यय त्यांचेच लागतात, पण अक्षर दुप्पट होत नाही आणि अर्थही 'जाणतो' असा आजचाच राहतो. हे वेगळेपण पाणिनीच्या नजरेतून सुटलं नाही. त्याने त्यासाठी स्वतंत्र सूत्र केलं.

हे असं का झालं? कारण मूळ धातूचा अर्थ होता पाहणं. लॅटिनमध्ये तो अर्थ तसाच टिकला. 'विदेओ' म्हणजे मी पाहतो. आपल्या मोबाइलमधला व्हिडिओ तिथूनच आला. 'मी पाहिलं आहे' म्हणणाऱ्याला ती गोष्ट आता ठाऊक असते. म्हणून 'पाहिलं' हे रूपच 'ठाऊक आहे' या अर्थाने रूढ झालं. आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. "कळलं का?" "कळलं." क्रिया भूतकाळाची, पण सांगतो आहोत ते या क्षणाचं जाणणं.

काळ लोटला आणि इंग्रजी बोलणारे ही खूण विसरत गेले. १६११ सालच्या किंग जेम्स बायबलमध्ये योसेफ पोटीफरच्या बायकोशी बोलतो, तेव्हा 'वॉट'ला तृतीय पुरुषाचा प्रत्यय जोडून 'वॉटेथ' केलेलं आहे. इतर क्रियापदांना लागतो, मग यालाही लावला! दुसरी गंमत 'इविस' या शब्दाची. त्याचा अर्थ 'खचित'. लिहिताना त्याचे दोन तुकडे पडले, 'आय विस'. वाचणाऱ्यांना वाटलं, 'मी जाणतो' असाच याचा अर्थ असणार. अशा रीतीने कधी नव्हतंच असं 'विस' नावाचं क्रियापद जन्माला आलं आणि कवींनी ते वापरलंही.

क्रियापद गेलं, तरी त्याच्यातली समजूत गेलेली नाही. इंग्रजी कोर्टात जो उभा राहतो तो विटनेस, मराठीत तोच साक्षीदार. विटनेसच्या पोटात 'जाणणं' आहे, साक्षीच्या पोटात 'अक्षि', म्हणजे डोळा. पाहण्यापासून जाणण्यापर्यंत जी वाट 'वेद' आणि 'वॉट' हजारो वर्षांपूर्वी चालून आले, तिच्या एका टोकाला आपला साक्षीदार उभा आहे आणि दुसऱ्या टोकाला इंग्रजीतला विटनेस.