तळं नदीचं की गावाचं?

मृग लागून आठ-दहा दिवस झाले होते. आठवडी बाजारात मासळीच्या ओळीत मी नेहमीच्या मावशींपुढे उभी होते. त्यांनी मासे ज्या कागदात गुंडाळायला घेतले, तो कागद मध्येच थांबवून माझ्यापुढे धरला. "बाई, तुम्ही मास्तरीण हाये. हे काय लिवलं हाये, वाचून सांगा बरं."

जुन्या वर्तमानपत्राचा तुकडा. त्यावर मथळा होता, १ जूनपासून मासेमारी बंद.

मावशींना वाचता येत नाही, पण हा मथळा त्यांना गेल्या आठवड्यात दोन-तीन गिऱ्हाइकांनी ऐकवला होता. वर आणखी एक गोष्ट घडली होती. त्यांचा मुलगा तळ्याच्या वरच्या अंगाला नाल्यात जाळं लावून बसला असताना कुणी तरी शर्ट-पँटवाला माणूस मोटारसायकलवरून आला. "बंदी आहे, माहीत नाही का? जाळं जप्त होईल," असं म्हणून निघून गेला. तो कुठल्या खात्याचा होता, खात्याचा होता की नव्हता, काहीच कळलं नाही. तेव्हापासून घरात धास्ती. जाळं गेलं तर नवीन आणायला पैसे कुठून आणायचे? नातीचं अकरावीचं नाव याच महिन्यात घालायचं आहे.

"आपल्या तळ्यालेबी हे लागू हाये का?" मावशींनी विचारलं.

मी म्हटलं, "नसावं." शिक्षकीची सवय, उत्तर द्यायचंच! पण घरी येताना वाटलं, आपण हे कशाच्या जोरावर म्हटलं?

त्या कागदावरच्या बातमीचा उलगडा लगेच झाला. ती समुद्राची बातमी होती. महाराष्ट्राचा सागरी मासेमारीचा कायदा १९८१ चा आहे. त्याखाली दरवर्षी १ जून ते ३१ जुलै, म्हणजे ६१ दिवस, यांत्रिक नौकांना किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंत मासेमारी बंद असते. गंमत म्हणजे तिथंसुद्धा वल्ह्याच्या, बिनइंजिनाच्या होडीला सूट आहे. आमच्याकडे तर होडीही नाही. मावशींचा मुलगा टायरच्या फुगवलेल्या ट्यूबवर बसून तळ्यात जातो!

म्हणजे मावशींना घाबरवणारा मथळा मालवणचा, वसईचा, रत्नागिरीचा. वाशीमचा नाही. इथं विषय संपायला हवा होता. पण शाळेत भूगोल शिकवते ना मी, त्यामुळे संपला नाही.

आमचा जिल्हा उंचवट्यावर वसलेला. पावसाचं पाणी इथून दोन दिशांना वाहून जातं. काटेपूर्णा इथं उगम पावते आणि अकोल्याकडे उतरून पूर्णेला, म्हणजे शेवटी तापीला मिळते. अडाण आणि अरुणावती यवतमाळकडे जातात आणि पैनगंगेमार्गे गोदावरीच्या खोऱ्यात शिरतात. या नद्यांवर आणि त्यांना मिळणाऱ्या शेकडो नाल्यांवर बांध घातले गेले. कुणाला धरण म्हणतात, कुणाला लघुप्रकल्प, कुणाला पाझर तलाव. मावशींच्या गावाचं तळं त्यातलंच, बाहत्तरच्या दुष्काळात रोजगारासाठी लोकांनी खोदलेलं. बायकांनी डोक्यावरून माती वाहिली होती त्याची. मावशींच्या सासूबाईंनीही.

मग सांगा, हे तळं गावाचं की नदीचं? आठ महिने पाहाल तर गावाचं. चहूबाजूंनी बंद, निवांत. पण एक दांडगा पाऊस झाला की वरून नाला धावत येतो, खालून सांडवा वाहू लागतो, सांडव्याचं पाणी ओढ्याला, ओढ्याचं नदीला. त्या चार दिवसांत तळं म्हणजे नदीचाच एक फुगीर तुकडा असतो. शहरातला बालाजी मंदिराजवळचा देव तलाव वेगळा, दगडांनी बांधून काढलेला. शेजारच्या बुलडाण्यातलं लोणार तर कुठल्याच नदीला पाणी देत नाही, पण त्या खाऱ्या पाण्यात मासेच नाहीत, तेव्हा तो प्रश्नच मिटला!

हा नदीशी नातं असण्या-नसण्याचा मुद्दा माझ्या डोक्यातून निघालेला नाही. शेजारच्या मध्य प्रदेशात तो नियमातच आहे. तिथं १६ जून ते १५ ऑगस्ट हा नद्या आणि जलाशयांसाठी बंद ऋतू. माशांच्या विणीचा काळ म्हणून. छत्तीसगडमध्येही याच तारखा. सूट कुणाला, तर ज्यांचा नदीशी काही संबंध नाही अशा छोट्या तलावांना. मध्य प्रदेशचा मत्स्यव्यवसायाचा मूळ कायदा १९४८ चा. त्या वेळी आपला वऱ्हाड त्याच प्रांतात होता, हे आजच्या मुलांना सांगितलं तर त्यांना खरं वाटत नाही. १९५६ साली आपण मुंबई राज्यात आलो, १९६० साली महाराष्ट्र झाला आणि आपले कायदे वेगळे झाले.

मावशींचं तळं मध्य प्रदेशात असतं, तर उत्तर सरळ होतं. नाल्याशी जोडलेलं आहे, बंदी लागू.

मी पुढच्या रविवारी मावशींच्या गावी गेले. आदल्या रात्री पाऊस झाला होता. त्यांच्या सुनेनं मला तळ्याच्या वर, नाल्याच्या तोंडाशी नेलं. गढूळ पाणी गुडघाभर. म्हणाली, "उभ्या राहा, हलू नका." थोड्या वेळानं दिसलं. प्रवाहाच्या उलट दिशेनं काळसर पाठी सरकत होत्या. एखादी दगडावर आपटायची, मागं वाहून जायची, पुन्हा यायची. चढणीचे मासे! कोकणातल्या मैत्रिणी वलगण वलगण म्हणून ज्याचं कौतुक सांगतात, ते आमच्या काळ्या मातीतही असतं, हे मला पन्नाशीत कळलं.

कटला, रोहू, मृगळ हे आपले नेहमीचे मासे साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. त्यांना नवं पाणी लागतं, वाहतं, पसरलेलं. म्हणून तर पूर्वी माशांचं बी नद्यांतूनच गोळा करावं लागे. १० जुलै १९५७ रोजी डॉ. हिरालाल चौधरी यांनी ओडिशात माशांना पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून तळ्यात अंडी घालायला लावली आणि तेव्हापासून बीजकेंद्रं शक्य झाली. आज तो दिवस राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. आमच्याकडच्या संस्था तळ्यात जी बोटुकली सोडतात, ती याच वाटेनं येते.

रोहूच्या एका मादीच्या पोटात अंडी असतात लाखांनी. ती फुटायला एक दिवसही लागत नाही. म्हणजे नाल्याच्या तोंडाशी आडवं लावलेलं जाळं एका रात्रीत किती मासे धरतं, हा हिशेब अपुरा आहे. न जन्मलेले किती, तेही मोजावे लागतील.

आणि मरळ? ती उलट. तिला वाहतं पाणी लागत नाही. ती तळ्याच्या काठाला, गवतात वीण करते. लालसर पिल्लांचा पुंजका पाण्यावर तरंगत असतो आणि खाली आई-बाप पहारा देत असतात. त्या पुंजक्याखाली गळ टाकला की मोठी मरळ हमखास लागते, कारण ती पिल्लं सोडून जात नाही. सुनेनं हे मला अगदी सहज सांगितलं आणि मग गप्प झाली. तिच्या कडेवर आठ महिन्यांचं बाळ होतं. म्हणजे नदीशी जोडलेलं नसलेलं तळंसुद्धा पावसाळ्यात मोकळं सुटत नाही. मध्य प्रदेशचा नियम मरळीला कुणी विचारून केलेला दिसत नाही!

आता महाराष्ट्राचं. आपल्या राज्याचा मत्स्यव्यवसाय अधिनियम १९६० चा आहे. तळ्यांचा, धरणांचा कारभार मुख्यतः ठेक्यावर चालतो. मच्छीमार सहकारी संस्थेला तळं काही वर्षांसाठी मिळतं, तिनं बीज सोडायचं, वाढवायचं, धरायचं. मासेमारीचं वर्ष १ जुलै ते ३० जून. समुद्राची तारीख या तळ्यांना आपोआप लागत नाही. कुठे, कधी, कोणत्या जाळ्यानं, हे त्या त्या पाण्यापुरता निघालेला आदेश आणि ठेक्याच्या अटी यांवरून ठरतं. तेव्हा ‘बंदी आहे का?’ या प्रश्नाचं उत्तर वर्तमानपत्राच्या तुकड्यात नाही, संस्थेच्या कपाटातल्या करारनाम्यात आहे. तो करारनामा मावशींच्या घरात कुणी कधी पाहिलेला नाही. मी एका कार्यालयात चौकशीला गेले, तर टेबलामागच्या गृहस्थांनी "मॅडम, तुम्ही मासेमारी करता का?" असं विचारून माझी बोळवण केली. मग संस्थेच्या एका संचालकांकडेच गेले. त्यांनी बिचाऱ्यांनी कागद काढून दाखवला.

तिथं आणखी एक गाठ सापडली. ठेका तळ्याचा. वरचा नाला ठेक्यात नाहीच! मुलानं जाळं लावलं होतं ते नाल्यात. म्हणजे तळ्याच्या अटी तिथं लागत नाहीत, आणि मासे मात्र तळ्यातलेच. संचालक म्हणाले, "आम्ही सांडव्यावर जाळी बसवतो, नाहीतर आमची बोटुकली सगळी नदीत जाते." बरोबर आहे त्यांचं. पण त्याच जाळीमुळे नदीतला मासा वर तळ्यात येऊ शकत नाही. वर नाल्यात जाळं, खाली सांडव्यावर जाळी. माशांनी जावं कुठे?

हे सगळं मी मावशींना सांगितलं. समुद्राची बंदी तुम्हाला नाही, त्या मोटारसायकलवाल्याला कागद मागा, तळ्याच्या अटी संस्थेत वाचून घ्या. आणि जरा चाचरत म्हटलं, नाल्याच्या तोंडाशी जाळं नका लावू.

मावशींनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "बाई, आखाडात सारं गाव गाभोळी मांगते. तुम्हीबी मांगता. मंग लोक श्रावण पाळते. मले हे पंधरा दिवसच सापडते. नाला सोडला तं म्या काय इकावं?"

मला खरंच उत्तर सुचलं नाही. श्रावणात आपण मासे सोडतो ते माशांच्या विणीसाठीच, असं मी वर्षानुवर्षं वर्गात सांगत आले. पण वीण रंगात येते ती आषाढात, पहिल्या पुरांबरोबर, आणि तेव्हाच आपण आखाडी म्हणून ताव मारतो. पोटात अंडी असलेला मासा निवडून, दोन पैसे जास्त देऊन घेतो. यात मीही आले.

बंदीच्या किंवा मंदीच्या काळासाठी योजना नाही असं नाही. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत, जी २०२० मध्ये सुरू झाली, पारंपरिक मच्छीमार कुटुंबांना तीन महिन्यांसाठी ४,५०० रुपयांची तरतूद आहे. त्यातले १,५०० त्यांनी स्वतः आधी भरायचे, ३,००० सरकार घालणार. महिन्याला दीड हजार, दिवसाला पन्नास. ते अंतर्देशीय मच्छीमारांसाठीही आहेत. पण वयाची अट १८ ते ६०. मावशी साठीच्या पलीकडे. शिवाय संस्थेच्या यादीत नाव मुलाचं. चाळीस वर्षं टोपली डोक्यावर वाहिलेली ही बाई कागदावर मच्छीमार नाहीच.

मध्य प्रदेशसारखा नियम आपल्याकडे यावा असं मला नाला पाहिल्यावर मनापासून वाटलं. पण तिथं त्या दोन महिन्यांत मासे धरण्याबरोबर विकणं आणि वाहून नेणंही बंद असतं. धरणारा रात्री नाल्यावर जातो, त्याला कोण पाहतं? उघड्या बाजारात टोपली मांडून बसते ती बाई. पहिला दंड कुणाला होईल, हे सांगायला नको. असा नियम आणायचा तर आधी मावशींचं नाव यादीत यायला हवं, आणि पन्नास रुपयांचा आकडाही कुणी तरी बाजारात येऊन तपासायला हवा.

पुढच्या बाजाराला गेले तेव्हा मावशींच्या टोपलीत बर्फातले मासे होते. एकसारखे, चकचकीत.

"आंध्राचे हायेत," त्या म्हणाल्या. "ट्रकानं येते. कमाई नाई याच्यात, पण बसाले तं लागते."

"आणि जाळं?"

"वाळत घातलं हाये. पोरगा म्हणते, आठ दिवस थांबून पाह्यतो."

"मग?"

"नववा दिवस येऊ द्या," मावशी म्हणाल्या आणि तराजू उचलला. "अर्धा की एक किलो?"

मी एक किलो म्हटलं.