होनोलुलूची मिशनगृहे : वास्तू, मुद्रण आणि पाठनिर्णय

अव्वल इंग्रजी काळातील मराठी मुद्रणाचा इतिहास अमेरिकन मिशनच्या उल्लेखावाचून पूर्ण होत नाही. १८१० मध्ये स्थापन झालेल्या ज्या ‘अमेरिकन बोर्डा’चे गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे मिशनरी १८१३ मध्ये मुंबईस आले, त्याच बोर्डाची एक तुकडी ‘थॅडियस’ जहाजातून १८२० मध्ये हवाई बेटांवर उतरली. होनोलुलू येथील तिची निवासस्थाने आज संग्रहालयाच्या रूपाने उभी आहेत. मुद्रणेतिहासाच्या अभ्यासकाने या वास्तूंकडे कसे पाहावे, हा प्रश्न विचारार्ह आहे.

येथील तीन इमारती महत्त्वाच्या आहेत. पहिली १८२१ ची; तिचे लाकूड अमेरिकेत कापून, केप हॉर्नला वळसा घालून जहाजाने आणलेले होते. दुसरी १८३१ ची, प्रवाळदगडात बांधलेली. ती मिशनचे कोठार आणि व्यवस्थापक लेव्ही चेंबरलेन यांचे घर होती. तिसरी, लहानशी, १८४१ ची.

हवाई भाषेतील मुद्रणाचा आरंभ ७ जानेवारी १८२२ रोजी झाला. एलिशा लूमिस या मुद्रकाच्या यंत्रावर पहिला कागद केएआउमोकु या सरदाराने छापला. मुंबईतील मिशनपुढे बाळबोध व मोडी या रुळलेल्या लिप्या आणि शतकांची हस्तलिखित परंपरा होती; तेथे प्रश्न खिळ्यांचा होता. हवाईत मात्र प्रश्न अक्षरांचाच होता. बोलणाऱ्यांच्या तोंडी ‘क’ व ‘त’, ‘ल’ व ‘र’ हे ध्वनी परस्परांच्या जागी येत. १८२६ मध्ये मिशनऱ्यांनी बहुमताने प्रत्येक जोडीतील एकच अक्षर ठेवले. संपूर्ण बायबल १८३९ मध्ये छापून झाले, ते याच वर्णमालेत. भाषेचे लिखित रूप असे एका मतदानाने ठरले.

मिशनऱ्यांच्या वंशजांची संस्था १८५२ मध्ये स्थापन झाली. तिनेच १९२० मध्ये संग्रहालय उभारले. आज छापखाना दाखविला जातो तो १८४१ च्या इमारतीत. वस्तुतः ती राहत्या घराला जोडलेली शयनगृहाची खोली होती. पाठचिकित्सेच्या परिभाषेत बोलायचे तर हा प्रक्षेप होय. त्यात फसवणूक नाही. परंतु मूळ वास्तू आणि तिचे आजचे प्रदर्शन यांतील भेद अभ्यासकाने विसरता कामा नये. संग्रहालय ही इतिहासाची संपादित प्रत असते आणि संपादकाची दृष्टी तीत उतरलेली असते.

या प्रतीला दुसरी बाजूही आहे. संग्रहालयाच्या दप्तरात हवाईच्या सरदारांनी स्वभाषेत लिहिलेली पत्रे जतन केलेली आहेत. मिशनने आणलेले लेखन स्थानिकांनी आपल्या कामासाठी हाती घेतले, याचा हा लिखित पुरावा होय. १८९३ मध्ये राजसत्ता उलथली गेली आणि १८९६ च्या कायद्याने शाळांचे माध्यम इंग्रजी झाले. पुढे भाषेच्या पुनरुज्जीवनाचे प्रयत्न सुरू झाले, १९७८ मध्ये तिला राज्याच्या घटनेत अधिकृत स्थान मिळाले. तेव्हा अशा कागदपत्रांचे मोल अधिकच वाढले.

तात्पर्य, मिशनच्या छापखान्याचे श्रेय वा दोष मोजण्याआधी मूळ काय, नंतरची भर कोणती आणि ती कोणाच्या हातची, हे पाहिले पाहिजे. मराठीच्या आद्य मुद्रित ग्रंथांनाही हीच कसोटी लावणे इष्ट ठरेल.