पडवीतील मिलिंग मशीन

बेळगावकरांना यंत्रांचे नवल फारसे नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये सायकलींचे दुकान उघडले ते याच गावात. १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसविण्यापूर्वीची त्यांची बरीच उमेदवारी येथे झाली. उद्यमबागेतील ओतशाळा आजही धगधगत आहेत. तरीही राहत्या घराच्या पडवीत टनभर वजनाचे जुने यंत्र आणून तीन वर्षे त्याची शुश्रूषा करणारा गृहस्थ विरळाच. हा गृहस्थ आमचा जुना विद्यार्थी, व्यवसायाने फिटर.

लेथवर काम फिरते आणि हत्यार त्यास भिडते. मिलिंग मशीनमध्ये नेमके उलट. अनेक दातांचा कटर फिरतो आणि टेबलावर आवळलेला तुकडा त्याच्याखालून सरकतो. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात बंदुकीच्या भागांना भोके पाडणाऱ्या ड्रिलच्या मळसूत्री खोबणी कारागीर गोल कानशीने घासून काढीत. त्या कष्टांवर तोड म्हणून जोसेफ ब्राउन यांनी १८६२ मध्ये सर्वकामी मिलिंग मशीन सिद्ध केले. आज संगणकाच्या आज्ञेने चालणारी यंत्रे आली आणि हातचाकांची ही जुनी यंत्रे बिडाच्या भावाने, वजनावर, विकली जाऊ लागली.

आमच्या विद्यार्थ्याला हे यंत्र असेच भंगाराच्या अड्ड्यावर मिळाले. वर हिरवा रंग ताजा होता. रंगाकडे न पाहता त्याने टेबल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून पाहिले. मध्यभागी ते खुळखुळत होते, टोकांना अडत होते. बहुतेक काम टेबलाच्या मध्यावरच होत असल्याने झीजही तेथेच अधिक होते. मधला ढिलेपणा घालविण्यासाठी पट्टी आवळावी, तर टोकांशी टेबल हलेनासे होते. अशा यंत्रावर सरळ पृष्ठ निघणे अशक्य. वाहतुकीसह बरीच रक्कम खर्ची पडणार होती, घरात मुलीच्या शिक्षणाचा खर्च होता. तेव्हा पत्नीने नाराजी दाखविली यात नवल नाही.

यंत्र सोडविताना प्रत्येक भागाचे मोबाइलवर छायाचित्र घेतले गेले, बोल्ट चिठ्ठी लावलेल्या डब्यांत गेले आणि सारे भाग रॉकेलने धुऊन निघाले. तेव्हा झिजेचे मूळ सापडले. तेल जाण्याच्या बारीक वाटा घट्ट झालेल्या मळीने चोंदल्या होत्या. वर्षानुवर्षे वरून तेल घातले जात होते, पण सरकपट्ट्यांपर्यंत ते पोहोचतच नव्हते.

मोठ्या ग्राइंडिंग यंत्रावर ही पृष्ठे थोड्या दिवसांत सरळ करून मिळाली असती. त्याने हाताने खरवडण्याचा, कारागिरांच्या भाषेत 'स्क्रेपिंग'चा, मार्ग धरला, याचे कारण शेजारच्या गल्लीतील पंचाहत्तरी ओलांडलेले एक निवृत्त फिटर. ही विद्या त्यांच्याबरोबर जाईल हे त्याला दिसत होते. "काका आहेत तोवर शिकून घेतो, सर," एवढेच तो म्हणाला. सरफेस प्लेटवर निळ्या रंगाचा अगदी पातळ थर द्यायचा, भाग त्यावर हलके फिरवायचा. जेथे उंचवटा तेथे निळे ठिपके उमटतात. तेवढेच स्क्रेपरने खरवडायचे, पुसायचे आणि पुन्हा टेकवायचे. एका फेरीत मिलिमीटरचे काही हजारांश भाग निघतात. इंचभर चौरसात दहा-वीस ठिपके सारखे विखुरलेले दिसू लागले म्हणजे पृष्ठ साधले. काकांची दृष्टी अधू झाली आहे, पण आवाजावरून स्क्रेपरची धार गेल्याचे ते ओसरीवर बसून सांगतात. एकट्या टेबलाला पाच महिने लागले. "आमच्याकडे आलेला पाहुणा हाताला निळं लागल्याशिवाय परत जात नाही," ही सौ.ची तक्रार आता कौतुकाच्या सुरात ऐकू येते.

मोटर तीन फेजची, घरात वीज एक फेजची. ती अडचण एका छोट्या ड्राइव्हने आणि मोटरची जोडणी बदलून सुटली.

यंत्राचे पहिले मोलाचे काम गल्लीतील एका भगिनीचे होते. शेवयांच्या यंत्रावर त्यांचा प्रपंच चालतो. ऐन उन्हाळ्यात त्यातील दातेरी चाक मोडले आणि तसे चाक बाजारात मिळेना. चाकाला २८ दात हवे होते. दात समान अंतरावर पाडण्यासाठी जे डिव्हायडिंग हेड लागते, त्याचा दांडा ४० वेळा फिरविला म्हणजे काम एकदा फिरते. म्हणजे प्रत्येक दातासाठी ४० भागिले २८, अर्थात एक पूर्ण फेरा आणि सात भागांपैकी तीन. २१ छिद्रांच्या वर्तुळावर ही तीन सप्तमांशे ९ छिद्रे भरतात. अपूर्णांक कशासाठी शिकायचे, असे विचारणाऱ्या सातवीच्या मुलांना आम्ही मुद्दाम हे पाहावयास नेले. अठ्ठाविसावा दात पाडून झाल्यावर हेड पुन्हा पहिल्याच खाचेवर येऊन थांबले, तेव्हा पोरांनी टाळ्या पिटल्या. ते चाक चालते आहे.

टेबलाच्या स्क्रूचा नट मात्र अद्याप झिजलेलाच आहे. त्या ढिलाईमुळे कटरने काम आपल्याकडे ओढून घेण्याचा धोका असतो. म्हणून सध्या तो कटरच्या फिरण्याविरुद्धच काम सरकवितो. गनमेटलच्या नव्या नटाचा लाकडी फर्मा काकांच्या देखरेखीखाली तयार झाला आहे. ओतशाळेत पुढचा घाणा लागेल तेव्हा तो ओतला जाईल.