एक्समूरच्या उतारांवरचे जुने पाट
इंग्लंडच्या नैर्ऋत्येला, सॉमरसेट आणि डेव्हन या परगण्यांच्या सीमेवर एक्समूर हा डोंगराळ मुलूख आहे. त्याच्या उंच माळांवर वर्षाला सुमारे २००० मिलिमीटर पाऊस पडतो. तरीही तिथल्या टेकड्यांच्या उतारांवर जुन्या सिंचनाच्या खुणा जागोजागी आढळतात. एकाखाली एक असे जवळजवळ समांतर गेलेले हे उथळ चर आता गवताने भरून गेले आहेत. एवढ्या पावसाच्या प्रदेशात कुरणांवर पाणी खेळवण्याचा खटाटोप कशासाठी केला असेल?

खटाटोप होता तो थंडीशी झुंजण्यासाठी. तापमान साधारण ५-६ अंश सेल्सिअसच्या खाली गेले की गवताची वाढ थांबते. झऱ्याचे पाणी मात्र भर हिवाळ्यातही १० अंशांच्या आसपास असते. त्याचा पातळ थर उतारावरून वाहता ठेवला की जमीन गोठत नाही आणि गवत शेजारच्या कुरणापेक्षा काही आठवडे आधी वर येते. मेंढ्या पाळणाऱ्यांना या आठवड्यांचे मोल फार होते. मार्च-एप्रिलमध्ये साठवलेला चारा संपत आलेला, नवे गवत अजून उगवायचे आणि मेंढ्या नुकत्याच व्यालेल्या. कळपात किती जनावरे ठेवता येतील हे याच दिवसांवर ठरे.

रचना साधी, पण हातात कसब हवे अशी होती. झऱ्याचे किंवा ओढ्याचे पाणी एका पाटाने कुरणाच्या वरच्या कडेला आणले जाई. तिथून उताराला आडवे चर खणत. चरात ठिकठिकाणी मातीची ढेकळे किंवा दगड ठेवून पाणी अडवले की ते खालच्या काठावरून सारखे ओसंडे आणि गवतातून खाली झिरपत जाई. खालचा चर ते पुन्हा गोळा करून नव्याने पसरवी. महाराष्ट्रात पाणलोटाच्या कामात खणतात ते समतल चर दिसायला असेच, पण त्यांचे काम पाणी थांबवून जिरवण्याचे. एक्समूरमध्ये पाणी थांबले तर गवत कुजण्याची भीती, म्हणून ते हलतेच ठेवावे लागे. काही शेतांवर पाट मुद्दाम गोठ्यांच्या अंगणातून काढलेला असे. शेण-मूत मिसळलेले पाणी खतासकट उतारावर पोहोचे. विल्टशर आणि हॅम्पशरच्या सपाट खोऱ्यांत यासाठी वाफे, बंधारे आणि दारे बांधावी लागत. उतारावर तो खर्च वाचे, कारण निम्मे काम चढच करत असे.

ही कल्पना कोणा एकाची नाही. हेरफर्डशरमधल्या रोलंड व्हॉन यांनी १६१० मध्ये कुरणांच्या सिंचनावर पुस्तक छापले. मोल या बिळे करणाऱ्या प्राण्याने ओढ्याचा काठ पोखरला, त्यातून पाणी निघाले आणि ते पसरले तिथे गवत अधिक हिरवे झाले, हे पाहून आपल्याला ही युक्ती सुचल्याचे त्यांनी लिहिले आहे. एक्समूरमध्ये या कामाला मोठा जोर आला तो एकोणिसाव्या शतकात. राजघराण्याच्या मालकीचे एक्समूरचे जुने शिकारी रान १८१८ मध्ये विकले गेले. वूस्टरशरच्या लोखंड व्यवसायातले जॉन नाइट यांनी ते घेतले आणि ओसाड माळाची शेती करण्याचा घाट घातला. पुढे त्यांचे चिरंजीव फ्रेडरिक यांचे कारभारी रॉबर्ट स्मिथ यांनी उतारावरची अशी कुरणे तयार केली आणि १८५१ मध्ये रॉयल अ‍ॅग्रिकल्चरल सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. एरवी अशी माहिती शेतकऱ्यांच्या हातातच राहून नाहीशी होते, म्हणून हा लेख मोलाचा.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शेतीत मंदी आली. मजूर मिळेनासे झाले, विकतचे खत आणि पशुखाद्य येऊ लागले. चर दरवर्षी साफ करावे लागत. ते थांबले की दोन-चार हंगामांत पाणी वाट सोडी.

सपाट खोऱ्यांतली कितीतरी पाणकुरणे नांगराखाली गेली. एक्समूरचे चर टिकले, कारण उभ्या चढावर नांगर सहज चालत नाही. तिरप्या उन्हात किंवा हलक्या बर्फात त्यांच्या ओळी स्पष्ट दिसतात. मेंढ्यांच्या पायवाटाही उताराला आडव्या जातात, पण त्या मध्येच फुटतात, मिळतात. चराचा मागोवा घेत वर गेले तर झरा, ओढा किंवा जुने डबके सापडते. हवाई छायाचित्रे आणि विमानातून लेसर सोडून जमिनीचे चढउतार मोजणारे लायडार तंत्र यांमुळे असे शेकडो पट्टे नकाशावर आले आहेत. त्यांचे वय सांगणे मात्र कठीण, कारण चर वारंवार उकरले जात आणि जुना तळ त्यातच नाहीसा होई. म्हणून अभ्यासक जुने नकाशे आणि जमीनदारांची दप्तरे चाळून एकेका पाटाचा काळ ठरवतात.