चौदा किलोमीटर

वयाच्या ६२ व्या वर्षी मी सायकल विकत घेतली, तेव्हा घरात दोन दिवस त्यावर कोणी काही बोलले नाही. तिसऱ्या दिवशी सौ. म्हणाली, "रिटायर झालेली माणसं चारधामला जातात, नातवंडांना शाळेत सोडतात. तुम्हाला हे काय सुचलं?" डॉक्टरांनी रोज चालायला सांगितले होते आणि गुडघ्याने चालायला नकार दिला होता. सायकलवर शरीराचा भार सीट उचलते, गुडघा फक्त फिरतो. कारण एवढे साधे होते.

सुरुवातीला अंबाझरीच्या काठाने जायचे आणि तर्री-पोहे खाऊन परतायचे, एवढाच माझा पल्ला होता. (जितकी चरबी सायकलवर उतरायची, तितकी तर्रीतून परत चढायची, असे सौ.चे मत आहे.) पोह्यांच्या टपरीवरच रविवारी सायकली काढणाऱ्या तीन-चार तरुणांची ओळख झाली. ते मला 'काका' म्हणू लागले आणि हळूहळू दहाचे वीस, विसाचे पन्नास किलोमीटर झाले. 'ब्रेव्हे' हा शब्द मी पहिल्यांदा त्यांच्याच तोंडून ऐकला.

ब्रेव्हे म्हणजे शर्यत नव्हे. २००, ३००, ४०० किंवा ६०० किलोमीटरचे अंतर ठरलेल्या वेळेत स्वतःच्या बळावर पुरे करायचे. दोनशेला साडेतेरा तास, सहाशेला चाळीस. पहिला आलेला आणि शेवटचा आलेला यांत फरक करत नाहीत. या सगळ्याचे मूळ पीठ फ्रान्समध्ये आहे. पॅरिसहून पश्चिमेच्या समुद्रकाठी ब्रेस्त या बंदरापर्यंत जायचे आणि परत यायचे, असे सुमारे १२०० किलोमीटर कमाल ९० तासांत. १८९१ साली एका पॅरिसच्या दैनिकाने हा घाट घातला. दोनशेहून अधिक लोक निघाले आणि शार्ल तेरों हा पहिला आलेला गडी ७१ तास २२ मिनिटांत परतला. सुप्रसिद्ध 'तूर द फ्रान्स' सुरू झाली १९०३ मध्ये, म्हणजे हे प्रकरण तिच्याहून बारा वर्षांनी थोरले. तिकडच्या एका हलवायाने या सफरीच्या नावाने चाकाच्या आकाराची मिठाईही काढली आणि ती आजही खाल्ली जाते. आता दर चार वर्षांनी ऑगस्टमध्ये जगभरचे हजारो हौशी लोक तिथे जमतात. २०१९ आणि २०२३ च्या खेपेला भारतातूनही बरीच मंडळी गेली होती.

या तरुणांनी मला त्या वाटेची चित्रफीत दाखवली. सुरुवात रांबुईये या गावाजवळून होते. आधी दाट जंगल लागते, मग उघडा सपाट मुलूख. दक्षिणेला पसरलेल्या बोस नावाच्या त्या पठाराला फ्रान्सचे गव्हाचे कोठार म्हणतात. शार्त्रच्या चर्चचे मनोरे तिथे कोसावरून गव्हाच्या वर दिसू लागतात. पुढे ब्रिटनीकडे चढउतार येतात. पण रस्ता सगळा गावातून गावात जाणारा. रात्री दोन वाजता खेड्यातली आजीबाई अंगणात टेबल मांडून पाणी आणि कॉफी घेऊन बसलेली! वाटेवरच्या एका वस्तीतले कुटुंब वर्षानुवर्षे येणाऱ्या-जाणाऱ्याला फुकट खाऊ घालते आणि बदल्यात एकच मागते, घरी पोचल्यावर आपल्या गावाहून एक पोस्टकार्ड पाठवा.

"काका, आपला उमरेड रोड असाच नाही का?" एक जण म्हणाला. मी हसलो. पण तो रस्ता ऐकून माझ्या मनात दुसरेच काही हलले होते, ते मी त्याला सांगितले नाही.

सायकलीच्या बाबतीत नागपूर तसे मागे नाही. आपल्या डॉ. अमित समर्थांनी २०१७ साली अमेरिका या टोकापासून त्या टोकापर्यंत एकट्याने बारा दिवसांच्या आत पार केली आणि पुढच्याच वर्षी मॉस्को ते व्लादिवोस्तोक हे नऊ हजारांवर किलोमीटर कापले. त्याआधी २०१५ मध्ये नाशिकच्या महाजन डॉक्टर बंधूंनी दोघांच्या गटात अमेरिका ओलांडली होती. त्यांच्यापुढे माझे दोनशे किलोमीटर म्हणजे अंगणातली फेरी. पण ब्रेव्हेतली एक गोष्ट मला, जन्मभर बँकेत काढलेल्या माणसाला, फार भावली. प्रत्येकाजवळ एक कार्ड असते. ठरलेल्या ठिकाणी ते दाखवायचे, शिक्का आणि वेळ घ्यायची. ठाणे उघडण्याआधी पोचलात तर थांबा, बंद झाल्यावर पोचलात तर बाद. हे तर आमचे पासबुकच झाले!

फाल्गुनाच्या सुरुवातीला आम्ही तिघांनी, कोणत्याही संस्थेविना, त्याच नियमाने घरचीच ब्रेव्हे करायचे ठरवले. नागपूर, उमरेड, भिवापूर, तिथून वैनगंगेच्या अंगाला आणि परत. आडवाटा धरून दोनशे भरत होते. वाट मी सुचवली होती.

पहाटे साडेपाचला दिघोरी सोडली. उमरेडपर्यंत रस्ता आता चौपदरी आहे. चौपदरी रस्ता गावांना बगल देतो, त्यामुळे गाव पाटीवरच वाचायचे. आठच्या सुमारास उमरेडला आलुबोंडा आणि चहा झाला. पुढे खरा मुलूख लागला. दोन्ही अंगांना पानगळ झालेला साग, मधूनच पेटलेला पळस, मग मोकळी शेते, मिरची, हरभरा, धानाच्या बांध्यांत लाखोळी. रस्त्याला सोबत करणारी नागपूर-नागभीड छोटी गाडी २०१९ मध्ये मोठ्या रुळांच्या कामासाठी बंद झाली. तिचे डबे डोळ्यांसमोर येत होते.

सपाट रस्ता सोपा असतो, असे मोटारीतल्या माणसाला वाटते. घाटात चढ असला तरी पुढे उतार असतो, पाय थांबवता येतात. सपाटीवर पाय थांबला की सायकल थांबते. त्यात समोरून वारा सुटला की हातभर लांब दिसणारे झाड अर्ध्या तासाने येते. अकराच्या उन्हात मी भिवापूरच्या पुढे एका फाट्याला वळलो, तेव्हा पोरांनी विचारले, "काका, इकडे कुठे?" तेव्हा कुठे मी त्यांना सांगितले.

१९८६ साली मी या भागातल्या एका शाखेत फील्ड ऑफिसर होतो. वय २७, बुडाखाली बँकेची मोटरसायकल. एका सकाळी वैनगंगेकाठच्या खेड्यातला एक ढिवर अर्ज घेऊन आला. सहाशे रुपये पाहिजेत, सायकलीसाठी. मी त्याला समजावले की मासेमारीला जाळ्यासाठी कर्ज मिळेल, सायकल ही चैनीची वस्तू आहे. तो म्हणाला, "जाळं हाये जी साहेब माह्यापाशी. बजार चौदा किलोमीटर हाये. डोक्यावर टोपली घेऊन निंगतो, तं उन्हं चढतेत अन् मच्छी नरम पडते. मंग मांगंल त्या भावात द्या लागते."

मी ऐकले आणि अर्जावर लिहिले, 'वाहन वैयक्तिक उपभोगासाठी. शिफारस नाही.' नियमाने मला तसे लिहायला भाग पाडले होते, असेही नाही. मॅनेजरसाहेब माझ्या शेऱ्याबाहेर गेले नसते. पण सायकलीने मिळकत वाढते, हे माझ्या डोक्यातच आले नाही. उलट मीच आग्रह करून त्याला जाळ्याचे कर्ज दिले, कारण त्या वर्षीच्या उद्दिष्टात ते बसत होते. त्याने ते फेडलेही, एकही हप्ता न चुकवता. हप्ता भरायला तो चौदा किलोमीटर चालत यायचा आणि चौदा किलोमीटर चालत जायचा. आमच्या दप्तरात हे खाते 'उत्तम' म्हणून नोंदले गेले आणि मला त्याचा अभिमान होता.

त्या गावी मी चार-पाच वेळा गेलो असेन. मोटरसायकलवर वीस-पंचवीस मिनिटे लागत. माझ्या लेखी चौदा किलोमीटर म्हणजे तेवढेच. टोपली डोक्यावर घेऊन त्याचे तीन तास होतात, सायकलवर खराब वाटेनेही तास पुरे होत नाही, आणि या दोहोंमधल्या दोन तासांत माशाचा भाव ठरतो, हा हिशेब करायला मला सायकलवर बसावे लागले. तेही ६५ व्या वर्षी. बँकेत मी व्याजाची त्रैराशिके झोपेतही मांडत होतो. हे एक मात्र राहून गेले.

ते गाव आता तिथे नाही. १९८८ साली गोसेखुर्द धरणाची पायाभरणी झाली आणि पुढे वैनगंगेचे पाणी फुगत गेले, तशी काठची कितीतरी गावे उठली. मला सापडले ते पुनर्वसनाचे गावठाण. सरळ रेषेत आखलेले रस्ते, एक हातपंप, एक कडुनिंब. कडुनिंबाखाली एक वृद्ध गृहस्थ बसले होते. पोरांच्या हेल्मेटकडे पाहून त्यांनी आधी पाणी मागवले, मग विचारपूस केली. मी त्या ढिवराचे नाव घेतले.

"गेला जी तो. लय वर्सं झाली."

मला दुसरा प्रश्न विचारायचा होता आणि विचारायचा नव्हताही. "त्याने सायकल घेतली होती का हो कधी?"

"घेतली होती ना! सावकारापासून पैसे काढले. मंग उमरेडपावतर जाये बजाराले." ते जरा थांबले. "तुमी कोण जी त्याचे?"

मी म्हणालो, जुनी ओळख. सावकाराचे व्याज किती होते, हे मी विचारले नाही. सायकल उत्पादक की अनुत्पादक, हे मात्र त्या सावकाराने विचारले नसणार. त्याला ते ठाऊक होते.

परतताना शाळा सुटली होती. निळ्या-पांढऱ्या गणवेशातल्या मुली तिघी-तिघींनी रस्ता अडवून सायकली हाकत होत्या. बिहारने २००६ साली मुलींना शाळेसाठी सायकली द्यायला सुरुवात केली, तेव्हा देशभर चर्चा झाली. आपल्याकडेही मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळाल्या. शाळा चार-पाच किलोमीटर दूर असली की मुलीचे नाव कटते, हे शेवटी कोणाच्या तरी हिशेबात आले. या मुलींच्या सायकली सरकारी होत्या की घरच्या, कोण जाणे. एकीने मला पाहून घंटी वाजवली आणि पुढे निघून गेली. आमची पोरे हसली. मीही हसलो.

साडेतेरा तासांची मुदत संध्याकाळी सातला संपली, तेव्हा मी उमरेड रोडवर विहीरगावच्या अलीकडेच होतो. कडुनिंबाखाली गेलेला तास भरून निघाला नव्हता. पोरांना मी पुढे पाठवले होते. म्हणजे ब्रेव्हेच्या नियमाने मी बाद.

पण त्या वेळी मी एकटा नव्हतो. नागपुरात दिवसभर गवंड्याच्या हाताखाली, गोदामात, दुकानात राबून गावाकडे परतणारे लोक समोरून येत होते. काळ्या जुन्या सायकली, हँडलला डबा, मागे ना दिवा ना लाल काच. रोजचे वीस-पंचवीस किलोमीटर. त्यांच्या कार्डावर शिक्का मारणारे कोणी नसते आणि ट्रक त्यांना रस्त्याच्या कडेला मुरमात ढकलून जातात. चार पदरांचा एवढा रुंद रस्ता बांधला, त्यात यांच्यासाठी दोन हात जागा आखली असती तर काय बिघडले असते?

शहराच्या बाजूने जाणारा एक जण माझ्या शेजारी आला. रात्रपाळीला निघाला असावा. माझा लुकलुकता लाल दिवा, माझे पांढरे केस त्याने न्याहाळले.

"कुठून येऊन राहिले काका?"

"भिवापूरकडून."

"बाप रे! सायकलनं? कामाले गेलते काय?"

"हो," मी म्हणालो. "एक जुनं काम राहून गेलं होतं."

दिघोरीपर्यंत आम्ही सोबतच आलो.