जी चाचणी, तो ताप

नांदुरा आणि मलकापूर यांच्यामध्ये महामार्गावरचं वडनेर भोलजी. कुठल्या जंतूला या गावाचं नाव मिळालेलं नाही. तरीही पावसाळी तापांचं निदान गेल्या साठ-सत्तर वर्षांत कसं बदलत गेलं, हे पाहायला असंच गाव बरं. काळी जमीन, पोळ्याच्या सुमाराला दाट झालेलं पीक, बांधावर माजलेलं गवत, गोठ्यातली गुरं, घराघरांत भरून ठेवलेलं पाणी. मलेरियाचा डास, डेंग्यूचा डास, गोचीड आणि गवतातला डोळ्यांना न दिसणारा किडा अशा सगळ्यांची इथे सोय आहे. आणि या सगळ्यांनी दिलेला ताप पहिले तीन-चार दिवस सारखाच असतो: हुडहुडी, ठणकणारं डोकं, मोडून आलेलं अंग, मळमळ. नाडी धरून त्यांतला फरक सांगणं मोठ्या डॉक्टरलाही जड जातं. म्हणून रक्त.

सुरुवातीला रक्ताला एकच प्रश्न विचारला जाई: हिवताप आहे का? राष्ट्रीय मलेरिया निर्मूलन कार्यक्रम 1958 मध्ये सुरू झाला. पंधरवड्याने कर्मचारी दारात येई, भिंतीवर रंगवलेल्या चौकटीत तारीख टाकून सही करी, तापाच्या माणसाचं बोट टोचून काचेवर रक्ताचा थेंब घेई आणि क्लोरोक्विनच्या गोळ्या खायला लावी. काचपट्टी तालुक्याला जाई. तिचं उत्तर यायला इतका वेळ लागे, की तोवर ताप उतरलेला तरी असे, नाहीतर दुसऱ्याच वळणावर गेलेला असे. तरी मला ती पद्धत प्रामाणिक वाटते. तिथे जंतू स्वतः दिसत होता, अंदाजाला जागा नव्हती. दोष एवढाच, की काचपट्टीवर जंतू दिसला नाही तर मग काय, हे कोणी सांगत नसे. कार्डावर ‘निगेटिव्ह’ असा शेरा पडला की तो माणूस यंत्रणेच्या लेखी निरोगी.

1965 मध्ये देशातले मलेरियाचे रुग्ण एक लाखाच्या आसपास उतरले. रोग संपल्यात जमा, असं वाटायला लावणारा हा आकडा. नेमक्या त्याच वर्षी नागपुरात तापाची मोठी साथ आली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, रुग्णांचं रक्त तपासलं. त्यात चिकुनगुन्या निघाला आणि डेंग्यूही निघाला. दोन रुग्णांच्या रक्तात तर या दोहोंपैकी कुठलाच नसलेला, तोवर जगाला ठाऊक नसलेला विषाणू सापडला. नागपूरच्या ज्या वस्तीतून तो मिळाला, तिच्यावरून त्याचं नाव चांदीपुरा पडलं. एकाच शहरात, एकाच पावसाळ्यात, एकाच साथीत तीन वेगळे विषाणू फिरत होते. पुण्याला नमुने गेले नसते तर ते सगळे ‘साधा ताप’ म्हणून जमा झाले असते. 1976 मध्ये मलेरिया पुन्हा चौसष्ट लाखांवर गेला आणि इतर तापांकडे पाहायला कोणाला सवड उरली नाही.

पुढे तालुक्याच्या गावांत खासगी लॅब आल्या, आणि त्यांच्याबरोबर विडाल. फ्रान्सच्या विडाल यांनी 1896 मध्ये मांडलेली ही टायफॉइडची चाचणी स्वस्त, सोपी आणि लगेच उत्तर देणारी. पण ज्या भागात टायफॉइड नेहमीचा आहे, तिथे बऱ्याच निरोगी माणसांच्या रक्तातही थोडी प्रतिपिंडं सापडतात. दुसऱ्याच तापात जुनी प्रतिपिंडं उसळून वर येतात, तेही आहेच. म्हणून खरं तर आठवडा-दहा दिवसांच्या अंतराने दोन नमुने घेऊन पातळी किती चढली ते पाहायला हवं. मजुरी बुडवून दुसऱ्यांदा रक्त द्यायला कोण येणार? एका नमुन्यावर ‘टायफॉइड निघाला’, सलाईन लागलं, इंजेक्शनं सुरू झाली. त्या काळात जिल्ह्यात टायफॉइड वाढला की विडाल वाढली, हा प्रश्न कुणीतरी गंभीरपणे विचारायला हवा होता. जुने डॉक्टर रक्ताच्या साध्या मोजणीत इओसिनोफिल पेशी नाहीशा झाल्यात का ते पाहत. टायफॉइडच्या बाजूची ती फुकटातली खूण होती. मशीनवर छापलेल्या रिपोर्टात ती आजही असते, फक्त तिकडे नजर जात नाही.

चिकुनगुन्याने 1973 मध्ये बार्शीत मोठी साथ केली आणि नंतर तीन दशकं दडी मारली. तो परतला तो 2006 मध्ये देशभरात सुमारे चौदा लाख संशयित रुग्ण घेऊन. पाठोपाठ डेंग्यू खेड्यांत शिरला आणि प्लेटलेटचं राज्य सुरू झालं. आता सकाळ-संध्याकाळ एकच चौकशी असते: ‘पेशी किती झाल्या?’ आकडा लाखाखाली गेला की गाडी करून खामगाव किंवा अकोला. पपईच्या पानांचा रस तर घरोघर. पण प्लेटलेट डेंग्यूत उतरतात तशा मलेरियातही उतरतात, गवतातल्या किड्यामुळे होणाऱ्या स्क्रब टायफसमध्ये आणि लेप्टोस्पायरोसिसमध्येही (लेप्टो) उतरतात. एकट्या त्या आकड्यावरून कुठलाच ताप ओळखता येत नाही. डेंग्यूत पांढऱ्या पेशी बहुधा घटलेल्या असतात आणि अवघड वळणावर रक्त घट्ट होतं, म्हणजे हिमॅटोक्रिट चढतो. लेप्टोत क्रिएटिनिन आणि बिलिरुबिन बोलतात. मलेरियात लाल पेशी फुटतात, त्यामुळे हिमोग्लोबिन घसरतं आणि एलडीएच वाढतं. चार आकडे एकत्र वाचले तर थोडं कळतं.

त्यात दिवसांचा हिशेब. डेंग्यूच्या विषाणूचं एनएस-1 प्रथिन पहिल्या पाच दिवसांत सापडतं, आयजीएम प्रतिपिंडं त्यानंतर. सहाव्या दिवशी एनएस-1 निगेटिव्ह आलं म्हणून डेंग्यू नाही, असं म्हणता येत नाही. झटपट कार्डावर ‘पॉझिटिव्ह’ आलेला रुग्ण सरकारी नोंदीत तोवर संशयितच राहतो, जोवर एलायझा चाचणी होत नाही. गावकऱ्यांच्या लेखी डेंग्यूचे रुग्ण भरपूर आणि सरकारी यादीत मोजके, ही दरवर्षीची तक्रार काही अंशी इथूनच निघते.

या सगळ्या गलबल्यात एक ताप कित्येक वर्षं नावाशिवाय फिरत होता. अकोल्याचे बालरोगतज्ज्ञ डॉ. नरेंद्र राठी आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये ‘इंडियन पीडियाट्रिक्स’मध्ये रिकेट्सियाच्या तापाने आजारी मुलांवरचा अभ्यास छापला. गोचिडीसारख्या किड्यांमुळे होणारा, तळहात-तळपायांवर पुरळ आणणारा हा ताप लवकर ओळखता यावा म्हणून त्यांनी लक्षणं आणि प्रयोगशाळेतले आकडे यांना गुण देणारी पद्धत सुचवली. अशा तापासाठी सहज मिळणारी चाचणी म्हणजे वाइल-फेलिक्स, 1916 सालची. ती बरीच चुकते, पण लहान गावात तीच परवडते. मला या कामाचं मोल मोठ्या शहरांतल्या अनेक शोधनिबंधांपेक्षा जास्त वाटतं, कारण ते आपल्याच भागातल्या बालरुग्णांवर बेतलेलं आहे. 2015 मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मार्गदर्शक सूचना आल्या: संशय असेल तर रिपोर्टची वाट न पाहता डॉक्सिसायक्लिन द्या. 2018 च्या पावसाळ्यात नागपूरसह विदर्भात याच कुळातल्या स्क्रब टायफसचे बळी गेले, तेव्हा कुठे काखेत, जांघेत, कमरेला किडा चावल्याजागची काळी खपली शोधायची सवय लागू लागली. ती खपली मिळाली तर रक्ताच्या निम्म्या चाचण्यांची गरज उरत नाही. बाईमाणूस संकोचते, डॉक्टर घाईत असतो, आणि खपली पदराआड राहते.

अलीकडे प्रश्नच बदलू लागला आहे. जंतू कोणता, हे शोधण्याआधी शरीराने कसा प्रतिसाद दिला ते पाहायचं. रक्तातलं सीआरपी हे प्रथिन 1930 पासून माहीत आहे, प्रोकॅल्सिटोनिनचा संसर्गाशी संबंध 1993 मध्ये पुढे आला. विषाणूजन्य तापात ही दोन्ही सहसा कमी चढतात, जिवाणूंच्या तापात जास्त, स्क्रब टायफसमध्येही सीआरपी बरंच वर जातं. मुंबईच्या आयआयटीत संजीव श्रीवास्तव यांच्या प्रयोगशाळेने त्याही पुढे जाऊन मलेरिया, डेंग्यू आणि लेप्टोच्या रुग्णांच्या रक्तद्रवातल्या शेकडो प्रथिनांचे चढउतार मोजले. एका प्रथिनाऐवजी चार-पाच प्रथिनांचा गट धरून ताप वेगळे काढायचे, आणि कोण गंभीर होणार तेही सांगायचं, अशी ही दिशा आहे. त्यासाठी लागणारी मास स्पेक्ट्रोमेट्रीची यंत्रं नांदुऱ्याच्या लॅबमध्ये येणार नाहीत. त्या गटाचं बोटाच्या थेंबावर चालणारं कार्ड झालं तरच उपयोग.

तोवर सीआरपी हाताशी आहे. त्यातही एक खोच आहे: मलेरियातही ते भरपूर चढतं. म्हणून वडनेरला ताप घेऊन आलेल्या माणसाचं मलेरियाचं कार्ड आधी करावं, मग अंग उघडं करून खपली शोधावी, सीआरपी त्यानंतर. प्लेटलेटचा आकडा विचारायचाच असेल, तर सगळ्यात शेवटी.